"तुम्ही जा, मी घरी बसते" म्हणणाऱ्या सासूबाई आणि जंगलातल्या हटमधली एक रात्र

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळ राहणारी एक मैत्रीण लिहिते. सासू-सासरे सांगलीकडून तीन महिन्यांसाठी आलेत. सासरे ७१ वर्षांचे, उजवा गुडघा कुरकुरतो, बीपीची गोळी चालू आहे. सासूबाई ६६, दोन वेळा आळंदी ते पंढरपूर वारी चालत केलेली. घरात आठ वर्षांची मुलगी. नवऱ्याला ट्रॅम्पिंगचं, म्हणजे पाठीवर सामान घेऊन जंगलात भटकायचं वेड, आणि त्याने ठरवलंय की जानेवारीत सगळ्यांनी मिळून ओरोंगोरोंगो व्हॅलीतल्या हटमध्ये एक रात्र काढायची. वीज नाही, अंघोळ नाही, संडास बाहेर आणि खड्ड्याचा, झोपायला अनोळखी लोकांच्या शेजारी गादी. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जा, मी घरी बसते." सासरे काहीच बोलले नाहीत. नवरा म्हणतो, एकदा गेले की आवडेल. मैत्रीण विचारते, "या वयात त्यांचे असे हाल करणं बरोबर आहे का? नाही म्हटलं तर मी मजा घालवणारी, हो म्हटलं आणि काही झालं तर बोल मलाच. आणि तिथे जाऊनही स्वयंपाक कोण करणार ते सांगायला नकोच."

तुला तू म्हटलं तर चालेल ना, मी वयाने बरीच मोठी असणार.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं हे सासू-सासऱ्यांबद्दल आहे, दुसऱ्यांदा वाटलं नवऱ्याबद्दल आहे, आणि तिसऱ्यांदा त्या शेवटच्या वाक्यावर थांबले. स्वयंपाकाचं वाक्य तू असं जाता जाता टाकलंयस पण मला तर तेच मुख्य वाटतंय. त्याच्याकडे येतेच, आधी सासूबाई.

"तुम्ही जा, मी घरी बसते" याचा अर्थ "मला यायचं नाही" असा तू धरलायस. असेलही. पण आपल्याकडे या वाक्याचे निदान चार अर्थ होतात हे तुला मी सांगायला नको, आपण सगळ्याच असल्या घरात वाढलोय. मला खरंच यायचं नाही, हा एक. मला यायचंय पण माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको, हा दुसरा. यांच्या गुडघ्याचं काय, ते हो म्हणाल्याशिवाय मी कशी हो म्हणू, हा तिसरा. आणि चौथा म्हणजे मला नीट विचारलंच कुठे, नुसतं सांगितलंत. पत्रावरून मला चौथा किंवा तिसरा वाटतोय, पण माझा अंदाज काय कामाचा, त्यांना विचार. आणि विचारताना "आई तुम्हाला झेपेल ना?" असं नको, त्याला उत्तर एकच येणार, "माझं काय गं, माझं चालतं". त्यापेक्षा फोटो दाखव. डॉकच्या, म्हणजे इथल्या डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनच्या साइटवर प्रत्येक हटचं पान असतं, तिथे बंक किती, पाणी कुठलं, शेगडी आहे का नाही, शेकोटी कसली, सगळं लिहिलेलं असतं. बंकरूमचा फोटो दाखव, लाँग ड्रॉपचा, म्हणजे त्या खड्ड्याच्या संडासाचा, मुद्दाम आधी दाखव, मग वाट दाखव आणि सांग की एवढं चालायचं, असं झोपायचं, इथे जायचं, रात्री दिवा नाही. आणि सासऱ्यांना वेगळं विचार, सासूबाई समोर नसताना, कारण नवरा-बायको एकमेकांसमोर खरं बोलत नाहीत (हे चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतेय).

वारीबद्दल तू लिहिलंयस "पण ते वेगळं". हो, वेगळं आहेच, पण तू समजतेयस तिथे नाही. शंभर अनोळखी बायकांच्या घोरण्यात तंबूत झोपणं, तांब्या घेऊन अंधारात जाणं, अंगावर ओले कपडे वाळवणं, यात ज्या बाईने अडीचशे किलोमीटर काढले तिला लाँग ड्रॉपची ओळख तू करून देणार? तो तर बसायच्या सीटचा असतो, वर छप्पर असतं, दाराला कडी असते. वेगळं हे आहे की वारीत मागून दिंडीचा ट्रक येतो, सामान त्यात, वाटेत चहा मिळतो, स्वयंपाक दिंडीचा, पाय मुरगळला तर डॉक्टर गाठता येतो, आणि काहीच नाही जमलं तर रस्त्यावर येऊन एसटी धरायची. इथे यातलं एकही नाही. वाट सुरू होते ते कॅचपूलचं कार पार्क सोडलं की जे पाठीवर आहे तेवढंच, आणि परत यायचं ते त्याच पायांनी.

हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो म्हणून जरा लांबण लावते. आपण सह्याद्रीत मुक्कामाला जातो तेव्हा पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर पडतो आणि त्या घरची वहिनी पिठलं-भाकरी वाढते, सकाळी पोहे विचारते. म्हणून हट म्हटलं की डोळ्यासमोर तसलं काहीतरी होमस्टे टाइप येतं. इथली हट म्हणजे नुसती चार भिंती आणि छप्पर. वाढणारं कोणी नाही, केअरटेकर असेलच असं नाही, भांडी बहुतेक ठिकाणी नसतात, पांघरूण नसतं, कचऱ्याचा डबासुद्धा नसतो, बिस्किटाच्या रॅपरपासून सगळं परत घरी आणायचं. डॉककडे देशभरात अशा ९५० च्या वर हट्स आहेत, आणि त्यातल्या कितीतरी १९५० ते ७० च्या काळात फॉरेस्ट सर्व्हिसने हरणं मारायला नेमलेल्या शिकाऱ्यांसाठी बांधल्या. म्हणजे त्या बांधल्याच मुळी तगड्या एकट्या पुरुषांसाठी, कुटुंबकबिल्यासाठी नाही. नंतर बऱ्याच सुधारल्या, पण आजी-आजोबांना घेऊन जाताना हे डोक्यात असलेलं बरं.

तरी जागा तुझ्या नवऱ्याने चांगली निवडलीय, हे त्याला कबूल करावं लागेल. ओरोंगोरोंगो ट्रॅक वेलिंग्टनवाल्यांची पोरंबाळं घेऊन जायची वाट आहे, रुंद, फार चढ नाही, झाडीतून जाते, उन्हात भाजत नाही. टुरेरे लॉजला जाणार असाल तर कार पार्कपासून साधारण दोन तास, बत्तीस जण झोपतात, बुकिंग आधी करावं लागतं. पण ते दोन तास धडधाकट माणसाचे. तुझ्या सासऱ्यांचे चार धर, आठ वर्षांच्या मुलीला घेऊन तसेही तीन होतातच कारण प्रत्येक ओढ्यात दगड टाकायचा असतो. जानेवारीत अंधार पडायला नऊ वाजतात त्यामुळे घाई काहीच नाही, दहाला निघा, वाटेत जेवा, तीनला पोचा. आणि गुडघ्याची खरी परीक्षा येताना असते, उतारावर, दुसऱ्या दिवशी, रात्री नीट झोप न झालेली असताना. दोन काठ्या घ्या, एक नाही, दोन.

आता हाल. तू पत्रात हाल म्हणून जे जे लिहिलंयस, म्हणजे अंघोळ, संडास, घोरणारे लोक, कडक गादी, त्यातल्या कशानेही माणसाला काही होत नाही, एका रात्रीचा प्रश्न आहे. ज्याने होतं ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. पाऊस, नदी आणि थंडी. या देशात एकोणिसाव्या शतकात नदी ओलांडताना इतके लोक बुडायचे की बुडून मरण्याला न्यूझीलंड डेथ असंच म्हणायला लागले होते. ओरोंगोरोंगो नदी उन्हाळ्यात बघशील तर हसशील, गोट्यांचं भलंमोठं पात्र आणि मधून घोट्याएवढं पाणी. पण वर रेमुटाका रांगेत पाऊस झाला की तेच पाणी भराभर चढतं. त्या व्हॅलीत काही हट्स अशा आहेत की नदी पार करूनच जावं लागतं, तसली हट या ग्रुपसाठी नकोच, कितीही सुंदर असली आणि आख्खी आपल्यालाच मिळत असली तरी. बुक करताना वाटेचं वर्णन नीट वाचा, नकाशा बघा.

थंडी म्हणजे जानेवारीत कसली थंडी असं सासरे म्हणतील. त्यांना सांग दुपारी बावीस डिग्री असते आणि संध्याकाळी सदर्ली, म्हणजे दक्षिणेचा गार वारा, फिरली की स्वेटर पुरत नाही. मी इथे आले त्या पहिल्या वर्षी जीन्स आणि कॉटनचा कुडता घालून अशाच एका हटला गेले होते, वाटेत भिजले, आणि रात्रभर दात वाजत होते, शेजारच्या बंकवरच्या एका आजोबांनी स्वतःचा लोकरी बनियन काढून दिला. लाजेने मेले होते पण घातला. कॉटन एकदा ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून सासूबाईंचा तो नेहमीचा सुती पंजाबी ड्रेस घरी, आणि लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं काहीतरी अंगात, वर पावसाचं जॅकेट. नवीन घ्यायची गरज नाही, ऑप शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, लोकरीचे स्वेटर आणि फ्लीस स्वस्तात मिळतात, त्यांना घेऊन जा, सासूबाईंना ऑप शॉप हटपेक्षा जास्त आवडेल असं मला आत्ताच दिसतंय.

मग तुम्ही चौघांनी घरी बसून एक गोष्ट ठरवायची, आणि ती निघायच्या आधी. कुणीही एकाने "परत फिरूया" म्हटलं की परत फिरायचं, वाद नाही, समजूत काढणं नाही, "अगं आलंच आता, दहा मिनिटं" नाही. तुझ्या नवऱ्याच्या तोंडून हे आई-बाबांच्या समोर वदवून घे. कारण त्याचं "एकदा गेले की आवडेल" हे वाक्य मला जरा टोचलं. प्रेमाने म्हणतोय, मान्य, पण त्या वाक्यात आई-बाबांना नाही म्हणायला जागाच नाही. सासरे गप्प आहेत ते त्यामुळेच असतील कदाचित, मुलाचा उत्साह मोडवत नसेल. मेटसर्व्हिसने, म्हणजे इथल्या हवामान खात्याने, त्या भागाला जोरदार पावसाची वॉर्निंग दिली की ट्रिप रद्द, बुकिंगचे पैसे गेले तर गेले.

व्हॅलीत मोबाइलची रेंज धरून चालू नका. संकटात इशारा पाठवणारं बीकन भाड्याने मिळतं, पीएलबी म्हणतात, छोटंसं असतं, बटण दाबलं की थेट रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला कळतं. ते नवऱ्याच्या सॅकच्या तळाशी नको, वरच्या खिशात, आणि कसं चालवायचं ते तुलाही माहीत पाहिजे. कुणातरी एका मित्राला लिहून कळवा, कुठे जातोय, कोण कोण आहे, कधीपर्यंत परत आलो नाही तर १११ ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन करायचा. हटमध्ये वही असते त्यातही नावं लिहा. सासऱ्यांच्या गोळ्या दोन दिवसांच्या नाही तर चार दिवसांच्या घ्या, अडकलात तर. आणि बोल मलाच लागणार म्हणतेस म्हणून सांगते, इथे पडून-बिडून लागलं तर पाहुण्यांनाही एसीसीचं, म्हणजे सरकारी अपघात विम्याचं, कव्हर मिळतं, पण आजारपणाला नाही. छातीत दुखलं, बीपी वाढलं, ते सगळं ट्रॅव्हल इन्शुरन्सवर. तो कागद काढून त्यात ट्रॅम्पिंग चालतं का आणि आधीच्या बीपीबद्दल काय म्हटलंय ते वाचा. हे काम पण नवऱ्याचं.

आणि आता स्वयंपाक.

पत्रात सगळ्यांना काय वाटतं ते तू लिहिलंयस, आठ वर्षांच्या लेकीलासुद्धा, फक्त तुला जायचंय का ते नाही लिहिलं. मी शोधलं, नाहीये. मला वाटतं तुझा हिशेब असा झालाय की घरी पाच जणांचं मी करतेच, तिथे तेच एका बर्नरवर, वाकून, थंड पाण्यात भांडी घासत करायचं, आणि वर याला ट्रिप म्हणायचं. तसं असेल तर नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे आणि त्यासाठी सासऱ्यांच्या गुडघ्याला पुढे करायची गरज नाही. पण त्याआधी एकदा नवऱ्याला सांगून बघ, की आयडिया तुझी तर यादी तुझी, बाजार तुझा, शेगडी तुझी, भांडी तुझी. मी फक्त माझी सॅक भरणार. ट्रॅम्पिंगचं वेड आहे ना, मग मित्रांबरोबर जातो तेव्हा उपाशी राहतो का? काहीतरी येतच असेल त्याला.

त्याने हे वाचलं तर त्याच्यासाठी लिहिते, कारण नूडल्सवर सासऱ्यांना झोपवू नये. बेसन घरीच कोरडं भाजायचं, त्यात तेलाची फोडणी, तिखट, मीठ, वाळलेला लसूण घालून पुडी बांधायची, तिथे उकळत्या पाण्यात वैरलं की पाच मिनिटांत पिठलं. दशम्या दुधात भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दडपे पोहे, गॅस लागतच नाही. मेतकूट आणि तूप छोट्या डबीत, लोणच्याची काचेची बरणी कृपा करून नेऊ नका. पाणी प्यायचं ते खळखळ उकळून. रात्री खाण्याच्या पिशव्या खुंटीला टांगा, उंदीर असतात. (सासूबाईंनी सांगलीहून आणलेलं सगळं एअरपोर्टवर डिक्लेअर केलं होतं ना? नसेल तर पुढच्या वेळी करा, ४०० डॉलर दंडाचं मेतकूट कुणाला परवडतं.)

रात्रीचं एक. खालचे बंक म्हाताऱ्यांना, आणि दाराजवळचे, कारण सासरे रात्री दोनदा उठणार हे तूही जाणतेस. पडायची भीती वाटेवर जेवढी नाही तेवढी या बंक ते संडास या वीस पावलांत असते. प्रत्येकाला वेगळा हेडटॉर्च, उशाला, आणि बूट दारात सरळ लावून ठेवलेले. बूट आत आणायचे नसतात, हा एक नियम आपल्या लोकांना शिकवावा लागत नाही. साप नाहीत या देशात, जमिनीवर एकही नाही, हे सासूबाईंना ठासून सांग, माझ्या आईला ते पटायला तीन वर्षं लागली. रात्री मध्येच कुणीतरी गळा दाबल्यासारखा आवाज आला तर तो पॉसम, झाडावर राहणारा मांजराएवढा प्राणी. आणि नशीब असेल तर किवी, कारण त्या जंगलात २००६ पासून किवी आणून सोडलेत.

बाकी पर्याय म्हणशील तर मी सगळ्यात आधी हे करेन की मुक्काम बाजूला ठेवून एका रविवारी त्याच वाटेवर तासभर जायचं आणि परत यायचं. डबा घेऊन. सासऱ्यांचा गुडघा दुसऱ्या दिवशी काय म्हणतो ते बघायचं, त्यांना विचारायचं नाही, जिना उतरताना बघायचं. तिथूनच पुढचं ठरेल. जमलं तर सगळे जा. नाही जमलं तर मुक्कामाला बाप-लेक जातील, आणि सासूबाई हो म्हणाल्या तर त्या पण. हसू नकोस, मला ते चित्र फार आवडलंय, आजी, बाबा आणि नात, आणि तू आणि सासरे घरी, सासरे क्रिकेट बघतायत आणि तू दार लावून झोपलीयस. कुटुंबाने सगळं एकत्रच केलं पाहिजे हे कुणी ठरवलं? तिसरं म्हणजे हॉलिडे पार्कची केबिन, किचन असतं, गरम पाणी असतं, दाराशी गाडी. त्यात काही कमीपणा नाही, फक्त नवऱ्याने तिथे जाऊन "ही काय खरी हट नाही" असं दर तासाला म्हणायचं नाही.

तारखेचं म्हणशील तर शनिवार टाळा. शाळेला सुट्टी आहे तोवर रविवार-सोमवार किंवा मधला वार बघा, शनिवारी बत्तीसच्या बत्तीस बंक भरलेले असले की घोरण्याबद्दलचं माझं म्हणणं मला मागे घ्यायला लावशील. इअरप्लग्स घेऊन जा, चार जोड्या, सासऱ्यांना नकोत, ते स्वतःच घोरत असतील.